मदत हवी आहे: एक्सव्ही-६ कर्नलची १२८ एमबीची मर्यादा वाढवली की बूट अडकतंय

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. दिवसा शिवाजी उद्यमनगरात सीएनसीवर काम करतो, रात्री ऑपरेटिंग सिस्टिम शिकतोय. विचारायला जवळ कुणी नाही, म्हणून हा धागा.

एमआयटीची एक्सव्ही-६, म्हणजे शिकण्यासाठी बनवलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवाली, क्यूएमूवर (कॉम्प्युटरमध्येच खोटं मशीन उभं करणारा प्रोग्रॅम) चालवतो. रॅम किती आहे हे ही कर्नल मशीनला विचारतच नाही. मेमलेआउट.एच मध्ये फिजस्टॉपचा, म्हणजे रॅम जिथं संपते त्या पत्त्याचा आकडा ठोकून बसवलाय: कर्नबेस, म्हणजे रॅम जिथं सुरू होते तो पत्ता ०एक्स८०००००००, अधिक १२८*१०२४*१०२४. मी १२८ चे ५१२ केले, मेक क्लीन मारून परत बिल्ड केलं. 'एक्सव्ही६ कर्नल इज बूटिंग' एवढी ओळ येते आणि पुढे सगळं गप्प. पॅनिकसुद्धा (कर्नल थांबताना छापते तो एररचा मेसेज) नाही. परत १२८ केलं की शेल हजर.

मग २०४८ टाकून बघितलं, तर कंपाइलच होईना, इंटिजर ओव्हरफ्लोची एरर. तीन रात्री गेल्या यात. पॅनिक आलं असतं तर निदान कुठली ओळ ते शोधलं असतं.

प्रतिसाद १
भावा, मेकफाइल उघड आणि क्यूएमूचे ऑप्शन बघ. तिथं अजून -एम १२८एम असणार, म्हणजे क्यूएमू मशीनला १२८ एमबीच रॅम देतोय. सातबाऱ्यावर चार एकर लावलं म्हणून एक एकराचं रान वाढत नाही. दोन्हीकडं ५१२ कर.

गप्प का बसतंय ते सांगतो, कारण खरं शिकण्यासारखं तिथंच आहे. बूट होताना केइनिट हे फंक्शन कर्नलच्या शेवटापासून फिजस्टॉपपर्यंतची पेजेस (रॅमचे ४०९६ बाइटचे तुकडे) एकेक करून केफ्री या फंक्शनला देतं. केफ्री पेज फ्रीलिस्टला, म्हणजे मोकळ्या पेजेसच्या यादीला लावायच्या आधी त्याचे सगळे ४०९६ बाइट मेमसेटनं १ नं भरतो. १२८ एमबी संपली की तो नसलेल्या रॅमवर लिहायला जातो आणि फॉल्ट येतो. आता मेन.सी वाच. केइनिट आधी आहे, फॉल्टचा हँडलर बसवणारं ट्रॅपइनिटहार्ट नंतर. फॉल्ट आला तेव्हा तो झेलणारा हँडलर बसवलेलाच नसतो, मग पॅनिक छापणार कोण?

प्रतिसाद २
ओव्हरफ्लोचं असं आहे. २०४८*१०२४*१०२४ हा गुणाकार आधी साध्या इंटमध्ये (३२ बिटांचा पूर्णांक) होतो. इंटची कमाल २१४७४८३६४७, आणि तुमचं उत्तर बरोबर एकानं जास्त. एरवी ही नुसती वॉर्निंग असते, पण एक्सव्ही-६ च्या मेकफाइलमध्ये वॉर्निंगलाच एरर धरलंय. २०४८एल लिहा, म्हणजे गुणाकार लाँगमध्ये होईल. पेज टेबलची (कुठला पत्ता रॅममध्ये कुठं आहे ते सांगणारा तक्ता) काळजी नको, कर्नलचं मॅपिंग त्याच फिजस्टॉपपर्यंत आपोआप जातं. मात्र लॅपटॉप ४ जीबीचा असेल तर २ जीबी देऊ नका. बूट होताना केफ्री प्रत्येक पेजवर लिहितो, त्यामुळे क्यूएमू तेवढी रॅम खरोखरच खातो.

धागाकर्ता
दादा, झालं! ५१२ वर शेल आला. एसबीआरकेनं (कर्नलकडं मेमरी मागायचा सिस्टिम कॉल) एकेक पेज मागत जाणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो ५०० एमबीच्या वर गेला तेव्हा खात्री पटली. लॅपटॉप ४ जीबीचाच आहे, त्यामुळे २ जीबीचा नाद सोडला.

त्याच जोरावर पॅराम.एच मधला एनप्रॉक, म्हणजे एका वेळी किती प्रोसेस असू शकतात तो आकडा, ६४ चा १०२४ केला. आता यूजरटेस्ट्स या चाचण्यांमधली फोर्कटेस्ट नापास होतेय (फोर्क म्हणजे नवी प्रोसेस बनवणारा कॉल). म्हणते, फोर्क १००० वेळा चालल्याचा दावा करतोय. माझ्या हातून काही मोडलं का?

प्रतिसाद १
काही मोडलं नाही. त्या टेस्टनं धरून ठेवलंय की १००० च्या आत फोर्कनं कधीतरी नाही म्हणायलाच हवं. मूळच्या ६४ ला ते बरोबर होतं. टेस्टमधला एन १०२४ च्या वर ने, १२०० कर, आणि परत चालव. प्रोसेस टेबल भरल्यावर फोर्कनं उणे १ दिलाच पाहिजे. नाही दिला, तर मात्र अलॉकप्रॉक (टेबलात मोकळी जागा शोधणारं फंक्शन) इथं चिकटव, बसून बघू.