आर्थिक दुर्बल, अत्यल्प, मध्यमवर्गीय: हे शब्द आता काय सांगतात?

शिधाधारक (धागाकर्ता)
मुंबईतलं, खुल्या प्रवर्गातलं, वर्षाला साडेपाच लाख कमावणारं एक कुटुंब घ्या. म्हाडाच्या घरांच्या सोडतीत ते ‘अत्यल्प उत्पन्न गटात’ येतं, कारण तिथली मर्यादा ६ लाख. दहा टक्के आरक्षणात ते ‘आर्थिक दुर्बल’, मर्यादा ८ लाख. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के शाळाप्रवेशांत मात्र ‘दुर्बल’ नाही, तिथे १ लाख. शिधापत्रिका पांढरी, कारण १९९९ मध्ये तीन रंग आले तेव्हा केशरीची मर्यादाही १ लाखच ठरली. घरी विचारलं तर ‘आम्ही मध्यमवर्गीय’! या शब्दांवर वाद घालण्यात काय हशील? सरळ वार्षिक आकडा सांगा.

सातबारा
साफ असहमत. आकड्याने भागत असतं तर सरकारने ८ लाखांवरच थांबायला हवं होतं. केंद्राच्या निकषात ५ एकर शेतजमीन किंवा १००० चौरस फुटांचा फ्लॅट असला की उत्पन्न कितीही कमी असो, ‘आर्थिक दुर्बल’ नाही. तिथेही गोची आहेच. माणदेशातलं कोरडवाहू पाच एकर आणि पंचगंगेकाठचा पाच एकर ऊस एकाच मापाने मोजले जातात.

टिपणी_शेरा
दोघांनाही एक दुरुस्ती. ‘८ लाख’ हा एकच आकडा नाही. आर्थिक दुर्बल घटकासाठी मागच्या आर्थिक वर्षाचं पगार, शेती, धंदा असं सगळं उत्पन्न धरतात. ओबीसींच्या नॉन-क्रीमी लेयरसाठी (सधन न धरलेला, म्हणून आरक्षण मिळणारा थर) सलग तीन वर्षं बघतात, आणि पालकांचा पगार व शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत. म्हणून दोघे पालक वर्ग तीनचे कर्मचारी, मिळून पगार १२ लाख, तरी मूल नॉन-क्रीमी असू शकतं. उलट आई-वडिलांपैकी एक जण वर्ग एकवर थेट भरती झालेला असेल, तर पगार न बघताच क्रीमी. एकच उत्पन्नाचा दाखला दोन्हीकडे जोडणारे इथेच अडकतात. आरटीईतही ‘वंचित’ म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे, त्यांना उत्पन्नाची अट नाही. १ लाखाची अट फक्त ‘दुर्बल’ला.

लालबाग_लोकल
तुम्ही सगळे योजनांची पात्रता मोजताय, वर्ग नाही. लालबागच्या चाळीतला गिरणी कामगार आणि गिरगावच्या चाळीतला कारकून, दोघांचीही खोली दहा बाय बाराची, संडास सामायिक. पण कामगाराला कुणी मध्यमवर्गीय म्हणालं नाही आणि कारकुनाला कुणी कामगार. तो पांढरपेशा! फरक लेखणीचा होता. पैशात धरून तो कसा दाखवणार?

शिधाधारक
लेखणीचा म्हणता, जातीचा म्हणा की. आणि ‘कामगारवर्ग’ या तुमच्या शब्दाने तरी काय दाखवलं? विणाई खात्यात धोट्यातल्या (मागावर आडवा धागा नेणारं साधन) कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळ नको म्हणून दलितांना त्या खात्यात घेत नसत, आणि बरा पगार तिथेच होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हे मांडावं लागलं, कारण ‘कामगार’ म्हटलं की सगळे एक असं पुढारी धरून चालले होते. पगार खातेवार मांडा, भेद लगेच दिसतो.

लालबाग_लोकल
कुठल्या खात्यात किती पगार, एवढंच दिसेल. तिथे कोणाला घेत नव्हते हे सांगायला ‘दलित’ हा शब्दच लागला ना? तुम्हीही तोच वापरलात.

टिपणी_शेरा
शिवाय ज्या आकड्यावर एवढी भिस्त, तो येतो कुठून? पगारदाराचा फॉर्म १६ वरून (नोकरी देणाऱ्याने दिलेला पगार आणि कराचा दाखला), रुपयाला रुपया. रोखीत धंदा करणाऱ्याचा तलाठ्याच्या अहवालावरून, आणि तो बहुतेक वेळा अर्जदाराने सांगितलेलाच असतो. दोन्ही दाखल्यांवर तहसीलदाराची सही सारखीच. सोडतीच्या यादीत किराणा दुकानदार ‘अत्यल्प’ आणि त्याच्याकडून महिन्याचं सामान भरणारा शिक्षक ‘मध्यम’ दिसतो तो यामुळे. धागाकर्ते, यातला कुठला आकडा सरळ धरायचा?