मदत हवी आहे: न्यूट्रल-अर्थमध्ये ९० व्होल्ट दाखवतंय

फोंड्याला जुनं घर आहे, किचनच्या सॉकेटला फेज-न्यूट्रल २३० व्होल्ट बरोबर येतात पण फेज-अर्थ १४० आणि न्यूट्रल-अर्थ ९०! मल्टीमीटर डिजिटल, कॅट थ्री (सुरक्षेची श्रेणी) ६०० व्होल्टवाला, सेल नवा, डायल एसी व्होल्टवरच होता (आधीच सांगतो, नाहीतर पहिला रिप्लाय तोच येणार). हॉलच्या सॉकेटला न्यूट्रल-अर्थ फक्त २ येतात, म्हणजे मीटर ठीक असावा. बेरीज २३० होते म्हणून मला वाटतं अर्थची वायर कुठेतरी तुटून नुसती लोंबकळतेय. फ्रिजचा प्लग काढून ठेवलाय, इलेक्ट्रिशियन चवथीनंतरच येणार म्हणतो. तोवर मेन बंद करून सॉकेटच्या अर्थ पिनपासून बोर्डाच्या अर्थ पट्टीपर्यंत कंटिन्यूटी (वायर सलग असेल तर मीटर बीप देतो ती चाचणी) बघितली तर पुरे, की वायरचा एखादाच धागा टिकून असला तरी बीप वाजेल आणि मी फसेन?