मदत हवी आहे: १२वी बायो आहे, पायलटसाठी मॅथ्स कुठून करू? अर्जंट

इंदूरचा_बंड्या:
नमस्कार मंडळी, सरळ विचारतो, मॅथ्स एनआयओएसमधून (ती सरकारी मुक्त शाळा) केलं तर सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला, चालतं का? क्लासवाला म्हणतो आधी टोकन भरा मग बघू, आई म्हणते बीएस्सी पूर्ण कर गुपचूप, आणि पैसे सोमवारपर्यंत भरायचेत. फक्त हो की नाही सांगा, लेक्चर नको, ते कॉलेजात रोज असतंच.

सुलभाताई_बडोदा:
असं कसं सांगू रे? बारावीला फिजिक्स होतं का? डीजीसीएला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी विमान खात्याला, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही लागतात. वय किती? चष्मा आहे?

इंदूरचा_बंड्या:
बायो म्हणजे पीसीबीच ना ताई, फिजिक्स-केमिस्ट्री-बायो. १९. चष्मा नाही.

गगनविहारी:
चालतं. माझ्या भाच्याने तसंच केलं, एकच विषय, कोड ३११, परीक्षा एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरला असते. तोवर डीजीसीएच्या पेपरांसाठी मीटिऑरॉलॉजी आणि एअर रेग्युलेशन्स वाचायला घे, तिथे पासिंग ७० टक्के आहे, ६९ ला घरी पाठवतात. पण टोकन कसलं, ग्राउंड क्लासचं की फ्लाईंगचं? २०० तास उडायचं म्हणजे घर गहाण टाकायचं काम आहे.

मामा_मालवी:
मॅथ्सची अट काढणार अशी चर्चा २०२५ पासून आहे की. थांब जरा.

गगनविहारी:
काढतील तेव्हा बघू मामा, पोरगं तोवर तिशीला येईल.

निवृत्त_सुभेदार:
एनडीए का नाही देत? फुकट शिकवतात, वर पगार.

सुलभाताई_बडोदा:
काका, एअरफोर्सलाही फिजिक्स-मॅथ्सच लागतं. आणि त्याने ते विचारलेलंच नाही.

मामा_मालवी:
आम्ही बिजासन टेकडीवर बसून विमानं मोजायचो, एक दिसलं तरी दिवस सार्थकी. आता तर सारखीच उतरतात. पोहे मात्र राजवाड्याचेच.

इंदूरचा_बंड्या:
भिया, पोहे नंतर. एक राहिलं. काल जेनेटिक्सच्या प्रॅक्टिकलला सरांनी त्या ठिपक्यांच्या प्लेटा दाखवल्या, सगळे ७४ म्हणाले, मी २१ म्हणालो. सगळे फिदीफिदी हसले. त्याने काही होत नाही ना?

सुलभाताई_बडोदा:
अरे देवा, हे पहिल्या ओळीत लिहायचं! ती इशिहाराच, रंगांधळेपणाची टेस्ट, लाल-हिरव्यात गडबड असली की ७४ चं २१ दिसतं. मॅथ्स ठेव बाजूला, डीजीसीएच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडे आधी क्लास २ मेडिकल, म्हणजे पायलटची पहिली तपासणी, कर. टोकन अजिबात भरू नकोस.

निवृत्त_सुभेदार:
वडिलांना आहे का? बापाकडून येतं हे.

बायोच्या_मॅडम:
काका, हे एक्स क्रोमोसोमवर असतं, आणि मुलाला एक्स आईकडून मिळतो, बापाकडून वाय. त्याच्या बाबांचा इथे संबंध नाही. आईच्या वडिलांना विचार बाळा. त्यांना असेल तर आई नक्की वाहक, म्हणजे तिला स्वतःला नसलं तरी पुढे देऊ शकते, आणि प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता.

गगनविहारी:
पोराला घाबरवू नका. प्लेटा चुकल्या म्हणजे दार बंद असं नाही, पुढे दिव्यांची टेस्ट असते. उतरताना रनवेशेजारी पापीचे (PAPI, उंची बरोबर आहे का ते सांगणारे) चार दिवे दिसतात, दोन पांढरे दोन लाल म्हणजे बरोबर, चारही लाल म्हणजे फार खाली आलास. असे दिव्यांचे रंग ओळखता आले पाहिजेत, एवढंच ते बघतात.

सुलभाताई_बडोदा:
"एवढंच" म्हणे! लाखो रुपये गेल्यावर कळलं तर?

इंदूरचा_बंड्या:
ग्वाल्हेरला आजोबांना फोन केला, आईच्या बाबांना. ते म्हणाले, मला कुठे काय झालंय. मागून आजी ओरडली, चाळीस वर्षांत एकदाही टोमॅटो धड आणले नाहीत, दाबून दाबून बघतात पिकलाय का ते. आई फोनवर हसत सुटली, मग एकदम गप्प झाली.
क्लास २ ची वेळ गुरुवारची मिळालीये. टोकन भरलं नाही, क्लासवाल्याचे सहा मिसकॉल आहेत.

मामा_मालवी:
बरं, ते ३११ चं फॉर्म ऑनलाईनच भरतात ना? माझ्या पुतणीला हवंय.