सायलेन्सरच्या तोंडाला पेस्ट फासणाऱ्यांनो, जरा थांबा

यवतेश्वरकर
काल इथंच एका भावानं टाकलं, "येझदीच्या सिलेंडरपाशी काळं तेल गळतंय? लाल सिलिकॉन पेस्ट फासा, नट आवळा, विषय संपला." खाली अंगठ्यांचा पाऊस. माझ्या येझदी रोडकिंगवर (दोन सायलेन्सरची जुनी टू-स्ट्रोक फटफटी) हा प्रयोग झालाय. साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून निघालो, यवतेश्वरचा घाट निम्मा चढलो तोवर पेस्टचा करपलेला तुकडा सुटून बुटावर पडला आणि फटफट आधीपेक्षा मोठी. पेस्ट तीनशे-साडेतीनशे अंशांपर्यंत तग धरते. घाटात पोर्टच्या (सिलेंडरमधून धूर बाहेर पडतो त्या भोकाच्या) तोंडाशी त्याहून बराच जास्त ताप असतो. करपणारच.

का गळतंय, ते आधी बघा. बहुतेक जण मागचे बोल्ट आधी आवळतात आणि पाईप बळंच ओढून पुढं बसवतात. मग पाईप तिरका, पोर्टच्या जोडातली रिंग एकाच अंगानं दबलेली. उलटं करा. मागचे बोल्ट, क्लॅम्प सगळं ढिलं सोडा, पाईप हातानं हलवत सरळ बसवा, पुढचा नट आकड्याच्या पान्यानं (नटाच्या खाचेत अडकतो तो) आवळा, मग मागं या. गाडी फिरवून आणली की गरम असतानाच परत एक आवळा. तांब्याची रिंग असेल तर लालबुंद तापवून पाण्यात बुडवा. मऊ पडते, नव्यासारखी दबते. आणि नट छन्नी-हातोडीनं फिरवणाऱ्यांनो, तुम्हाला लांबूनच नमस्कार.

कृष्णाकाठ_सांगली
झालं प्रवचन? मी सहा वर्षं पेस्ट वापरतोय, गळत नाही. पाईप आणि सायलेन्सरच्या जोडाला लावतो, तिथं ताप कमी असतो. जोड खरवडायचा, पेट्रोलनं पुसायचा, पातळ थर द्यायचा, रात्रभर हात लावायचा नाही. तेलकट लोखंडावर फासून वीस मिनिटांत किक मारली तर पेस्ट काय करणार? आणि तांब्याची रिंग गावोगाव मिळते असं तुम्हा सातारकरांनाच वाटतं.

मिरजेचा_मामा
दोघंही भलतीकडंच. सायलेन्सरच्या आतला बफल (आवाज दाबणारी नळी) शेवटचा कधी काढलात? कार्बननं भरला की धूर मागून निघत नाही, मग जोडातून वाट काढतो. कॉस्टिक सोड्यात रात्रभर ठेवा (ॲल्युमिनियमला लावू नका, खाऊन टाकतो). आणि खरं दुखणं पेट्रोलचं आहे. वीस टक्के इथेनॉल! कार्बोरेटरचं तेच जेट (पेट्रोल सोडणारं भोक) ठेवलं तर मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त नि इंधन कमी, इंजिन जास्त तापणार. माझी गाडी गेल्या पावसाळ्यात दोन महिने उभी होती. टाकीत पाणी उतरलं, इथेनॉल त्याला धरून तळाला बसलं, इंजिनसाठी पेट्रोलात मिसळलेलं तेल राहिलं वरच्या पेट्रोलात. कार्बोरेटरला मिळालं तळाचं, बिनतेलाचं. मिरजेबाहेर पडायच्या आत पिस्टन जाम. सायलेन्सर बघत बसा तुम्ही.

वाळव्याचा_ऊसवाला
मामा, तुमच्या हौसेच्या फटफटीसाठी आमचं ऊसबिल अडकवायचं का? इथेनॉल निघतंय म्हणून कारखान्याच्या हातात चार पैसे खेळतायत. टाकीचं झाकण नीट लावत नाही आणि शिव्या उसाला!

मिरजेचा_मामा
झाकण नीट होतं! उसाला कोण शिव्या देतंय? वीस टक्क्यांचं आधी २०३० ठरलं होतं, आणलं २०२५ ला. जुन्या गाड्यांना साधं पेट्रोल पंपावर ठेवा एवढंच म्हणतोय.

वाळव्याचा_ऊसवाला
आणि आमचा २०३० पर्यंत थांबलेला ऊस तुम्ही तोडून नेणार होता? माझ्या वडिलांनी राजदूत रॉकेल घालून चालवलीय. जाम झाली नाही, गळली नाही.

कृष्णाकाठ_सांगली
रॉकेलवर गळली नाही म्हणे. धुरात दिसलं नसेल.

वाळव्याचा_ऊसवाला
वडिलांवर जायचं काम नाही हां.

यवतेश्वरकर
आवरा आता. इथं सायलेन्सर गळतोय आणि तुम्ही उसात शिरलाय. मामा, बफलचं बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. कृष्णाकाठ, मागच्या जोडाला पेस्ट चालते, मान्य. पण त्या भावानं सिलेंडरपाशी लावायला सांगितली होती. तुम्ही मागचं सांगून जिंकताय.

कृष्णाकाठ_सांगली
जिंकायचं कुठं, साहेब. तुमचं ऐकून रविवारी मागचं सगळं ढिलं केलं, भांडी घासणाऱ्या बायकोला उठवून गॅसवर रिंगा तापवल्या. शेगडीवर काळे डाग, त्याचं वेगळं ऐकलं. डाव्या बाजूचं गळायचं थांबलंय. कबूल.

यवतेश्वरकर
आणि उजव्या बाजूचं? "सहा वर्षं गळत नाही" म्हणाला होता ना?

कृष्णाकाठ_सांगली
मागून गळत नव्हतं, म्हणालो होतो. उजव्या पोर्टचे आटे गेलेत, नट पूर्ण बसतच नाही. छन्नी माझीच होती. आटे करून देणारं कोणी असेल तर सांगा, मामा सोडून.