आठशे मीटर रस्ता, अकरा सोसायट्या आणि 'नगरसेवकाला धरा' म्हणणारे

धायरीकर

काल इथंच एका सदस्यानं लिहिलं, "सोसायट्या एकत्र येऊन समित्या करतात तो निवृत्त लोकांचा विरंगुळा आहे. नगरसेवक निवडून देता ना, मग त्याला धरा. ही समांतर सत्ता कशाला?" वाचून इतका संताप झाला की रात्री झोप लागली नाही. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

कुठल्या नगरसेवकाला धरायचं होतं? मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ ला निवडणूक झाली. मधले चार पावसाळे नगरसेवकच नव्हता. तोवर आम्ही खड्ड्यांकडे बघत बसायचं होतं का?

आमचा रस्ता जेमतेम आठशे मीटरचा. दोन्ही अंगांना मिळून अकरा सोसायट्या. प्रत्येकीचं पत्र वेगळं, आणि त्यात फक्त आपल्या गेटसमोरचा खड्डा. कनिष्ठ अभियंता यायचा, एका गेटसमोर खडी-डांबर टाकायचा आणि तिन्ही-चारही तक्रारी 'निराकरण झाले' म्हणून बंद करायचा. मेसेज यायचा, खड्डा तिथंच.

मग एका मार्चमध्ये सबंध रस्त्याचं डांबरीकरण झालं. आम्ही फोटोबिटो काढले. तेराव्या दिवशी ड्रेनेजसाठी मधोमध चर खणला आणि नुसती माती लोटून गेले. पहिल्या पावसात ती खचली. माझे यजमान रात्री साडेनऊला त्या चरात स्कूटरसकट पडले. मनगटात अजून प्लेट आहे.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या पार्किंगमध्ये अकराही ठिकाणची माणसं बसली. सात सोसायट्या १९६० च्या सहकार कायद्याखालच्या, चार अपार्टमेंट १९७० च्या कायद्याखालची, त्यामुळे नोंदणीकृत महासंघाच्या भानगडीत पडलो नाही. एक वही, अकरा नावं, अकरा सह्या. टेप घेऊन रस्ता मोजला. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात ड्रेनेजच्या कामाचा कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला दिलेला कामाचा लेखी आदेश, मागवला. तो हातात आल्यावर कळलं की चर बुजवून वरचं डांबर पूर्ववत करून देणं त्याच कामात धरलेलं होतं, वर तीन वर्षांचं दोषदायित्व, म्हणजे तेवढ्या काळात काम बिघडलं तर ठेकेदारानंच दुरुस्त करायचं. म्हणजे जे ठेकेदारानं करायचंच होतं, त्यासाठी आम्ही 'निधी उपलब्ध करून द्यावा' अशी पत्रं लिहीत होतो! अकरा सह्यांचं पत्र कार्यादेशाच्या प्रतीसकट दिलं. नवव्या दिवशी रोलर आला.

विरंगुळा म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या घरी येऊन ती प्लेटची एक्स-रे फिल्म बघावी.

चौकातला

ते वाक्य माझंच. तुमच्या यजमानांचं वाईट वाटलं, पण मत तेच आहे.

मी भाडेकरू. तेरा वर्षं याच भागात राहतो, तीन घरं बदलली. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मला बसता येत नाही. पार्किंगच्या शेवटच्या कोपऱ्यात गाडी लावायची, तीही जादा पैसे भरून. पण मतदार यादीत माझं नाव आहे, आणि तिथं माझं मत तुमच्या चेअरमनच्या मताइतकंच आहे. तुमच्या वहीत अकरा सह्या कोणाच्या? मालकांच्या. त्या वहीत मी कुठं आहे? भाजीवाला कुठं आहे?

आणि नगरसेवक नव्हते तर निवडणूक मागायची होती. घटनेत कलम २४३एस आहे, त्यात प्रभाग समित्या आहेत. राज्यानं २००९ मध्ये क्षेत्रसभेचा, म्हणजे त्या त्या भागातल्या मतदारांच्या सभेचा, कायदा केला. प्रत्येक मतदाराला, भाडेकरूलासुद्धा, बसायची जागा त्यात आहे. त्यासाठी कोणती सोसायटी रस्त्यावर उतरली? आपल्या गेटसमोर डांबर पडलं की सगळे घरात.

शिवाय मोठे प्रश्न तुमच्या वहीनं सुटत नाहीत. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटर रुंद ठरला होता, जागा ताब्यात येईना म्हणून ५० वर आणला. बालेवाडी-वाकडचा पूल बांधून झाला आणि जोडरस्त्याच्या जागेसाठी वर्षानुवर्षं पडून राहिला. तिथं सह्यांच्या पत्रानं काय होणार?

निवृत्त ओव्हरसीअर

चौकातला, कायदा पाठ आहे तुमचा, पण तो कागदावरच राहिला. प्रभाग समित्यांत मुख्यतः नगरसेवकच बसतात. क्षेत्रसभा मी नोकरीत असताना एकही झालेली पाहिली नाही. क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला समितीच्या बैठकीला कोणीही जाऊ शकतं, भाडेकरूही. किती जातात? मी निवृत्तीनंतर नियमानं जातो. बऱ्याचदा खुर्च्या रिकाम्या असतात.

धायरीकरांनी केलं ते बरोबर केलं. खात्यात एकट्या माणसाची तक्रार अर्ज असते. अकरा सह्या आणि सोबत कार्यादेश आला की साहेबाला फाइलवर शेरा मारावा लागतो. आणि शेरा मारला की कोणीतरी जबाबदार होतो. मी टेबलाच्या त्या बाजूला तीस वर्षं होतो, मला माहीत आहे कशाला घाबरतात.

दर्जाचं म्हणाल तर पुण्यातला तो वर्षानुवर्षं टिकलेला जंगली महाराज रस्ता आठवा. १९७६, दहा वर्षांची हमी लिहून घेतली होती...

कोथरूडची सून

काका, माफ करा, पण रस्त्यांवरच्या प्रत्येक चर्चेत जंगली महाराज रस्ता आणायचं आता थांबवू या. पन्नास वर्षं झाली त्याला. त्या रस्त्याखालून तेव्हा किती केबल जात होत्या?

मूळ मुद्द्यावर. एकी चांगली, पण खड्ड्यापुरतीच टिकते हा आमचा अनुभव. २०२० मध्ये ३२३ रस्त्यांची रुंदी ६ मीटरची ९ करायचा प्रस्ताव आला होता, आठवतंय ना? तोवर आमच्या गल्लीतल्या सहा सोसायट्या एका ताटात जेवत होत्या. कचरा, पार्किंग, झाडं, सगळं मिळून. रस्ता ९ मीटर झाला की टीडीआर, म्हणजे दुसरीकडचा बांधकामाचा हक्क विकत घेऊन, वापरता येणार, म्हणजे जादा मजले आणि पुनर्विकास. ज्यांच्या इमारती गळत होत्या ते म्हणाले व्हायलाच हवं. ज्यांच्या अंगणाची पट्टी जाणार होती ते म्हणाले बिल्डरसाठी चाललंय. मी दुसऱ्यांतली. आमच्या सासऱ्यांनी लावलेला बकुळ त्या दीड मीटरात होता. दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी अजून एकमेकांशी बोलत नाहीत, आणि गंमत नाही सांगत, ते दोघे सख्खे साडू आहेत.

किरकटवाडी

तुमचं डांबर आणि बकुळ चालू द्या. आम्ही २०२१ ला २३ गावांबरोबर महापालिकेच्या हद्दीत आलो. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) साथ आली ती याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी. माझा भाचा सतरा दिवस दवाखान्यात, पाय हलत नव्हते. तेव्हा कळलं की नळाला येतं ते पाणी शुद्धीकरण होऊन येतच नव्हतं. त्या महिन्यात सगळ्या सोसायट्या एक झाल्या होत्या. नंतर? प्रत्येकीनं आपापला फिल्टर बसवला, टँकर लावला, आणि बैठकीला यायचं बंद. ज्यांच्याकडे फिल्टरचे पैसे नाहीत ते राहिले पाणी उकळत.

मागची चाळ

धायरीकर ताई, मी तुमच्या रस्त्यावरचाच. तुमच्या सोसायटीच्या मागं जी चाळ आहे, तिथला. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखाल.

तुमच्या सोसायटीतून मागच्या अंगाला जो रस्ता जातो, त्यावरून आमची पोरं शाळेत जायची. दोनशे पावलं. गेल्या दिवाळीनंतर तुम्ही तिथं गेट लावून कुलूप घातलं. आता पोरं वळसा घालून तुमच्या त्याच आठशे मीटरवरून जातात. पदपथ नाही. टँकर, डंपर. माझी मुलगी तिसरीत आहे. परवा टँकरचं मागचं चाक तिच्या दप्तराला लागलं. पट्टा तुटला म्हणून वाचली.

तुमच्या पत्रात 'पादचाऱ्यांसाठी पदपथ करावा' असं लिहिलंय म्हणे. कोणते पादचारी?

चौकातला

यापुढं मला काही लिहायची गरजच उरली नाही. मालकांची वही म्हणतो ती हीच.

पहिला मजला

मी त्याच सोसायटीत राहतो. एकच बाजू ऐकून निकाल देऊ नका. चार महिन्यांत तीन दुचाक्या गेल्या. माझ्या मुलीची सायकल गेली. मागच्या बाजूला दुसरा वॉचमन ठेवायचा तर महिना सोळा हजार, तो भरायला कोणी तयार नव्हतं. गेट आमच्या जागेत आहे, देखभाल आम्ही करतो, दिव्यांचं बिल आम्ही भरतो. खाजगी जागेतून वाट द्यायला आम्ही बांधील नाही.

मागची चाळ

म्हणजे आमची पोरं चोर.

पहिला मजला

असं मी कुठं म्हटलं?

मागची चाळ

तीन गाड्या गेल्या, म्हणून तिसरीतल्या पोरीला कुलूप. याचा दुसरा अर्थ काय होतो ते तुम्हीच सांगा. तुमच्या घरी स्वयंपाकाला येतात त्या आमच्याच चाळीतल्या. त्यांना पुढच्या गेटनं रजिस्टरवर सही करून सोडता. गाडी गेली तेव्हा सीसीटीव्हीत कोण दिसलं? तुम्ही बघितलंय. हेल्मेट घातलेली दोन माणसं, पुढच्या गेटनं आलेली.

निवृत्त ओव्हरसीअर

दोघंही जरा थांबा. भांडण कागदावर आणा. त्या सोसायटीचा मंजूर लेआउट, म्हणजे महापालिकेनं मंजूर केलेला नकाशा, काढा. तो रस्ता अंतर्गत दाखवलाय की विकास आराखड्यातला, की मागच्या जागेला जोडणारा, ते नकाशात दिसतं. आराखड्यातला असेल तर गेट आज काढावं लागेल. अंतर्गत असेल तर प्रश्न वेगळा. खाजगी-खाजगी म्हणून ओरडण्याआधी नकाशा बघा, सोसायटीच्या कपाटातच असेल. मी असे दोन रस्ते पाहिलेत जे तीस वर्षं 'आमचे' होते आणि मोजणी झाल्यावर निघाले सगळ्यांचे.

आणि पदपथ मागताय तर निकषही लिहा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसप्रमाणे चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर. नाहीतर दोन फुटांची फरशी घालून देतील आणि त्यावर विजेचा डीपी बॉक्स बसवतील.

कोथरूडची सून

आमच्याकडे गेट लावलं तेव्हा पहिल्या महिन्यात सगळे खूश. दुसऱ्या महिन्यात ॲम्ब्युलन्सला मागून येता आलं नाही. चावी ज्याच्याकडे होती तो लग्नाला सांगलीला. सासूबाईंना खुर्चीवर बसवून पुढच्या गेटपर्यंत उचलून न्यावं लागलं. पहिला मजला, तुमच्याही इमारतीत म्हातारी माणसं असतील.

धायरीकर

दुपारपासून हे पुन्हा पुन्हा वाचतेय.

गेटचा ठराव समितीत आला तेव्हा सात जण होतो. मीही हात वर केला होता. यजमानांचा हात प्लास्टरमध्ये होता, घरात दिवसभर मी एकटीच, आणि मागून कोणीही येतं याची भीती वाटायची. चाळीतली मुलं कुठून जातील हा विचार तेव्हा कोणाच्याच मनात आला नाही. माझ्याही नाही. दप्तराचं वाचून पोटात गोळा आला.

पण चौकातला, यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढताय तो मला मान्य नाही. नगरसेवक असता तर त्यानं गेट काढलं असतं? अडीचशे फ्लॅट, म्हणजे पाचशे-सहाशे मतं. तो आमच्याच बाजूनं उभा राहिला असता. आमची वही अपुरी आहे एवढं मी कबूल करते. चाळ त्यात हवी होती, दुकानदार हवे होते, भाडेकरू हवे होते. चूक माणसं कमी घेण्यात झाली, एकत्र येण्यात नाही.

कपाटातून नकाशा काढला. रस्ता 'अंतर्गत' लिहिलाय, नऊ मीटर, आणि मागच्या हद्दीपर्यंत नेलाय. ओव्हरसीअर काका, याचा अर्थ काय लावायचा ते तुम्हीच सांगा, फोटो तुम्हाला निरोपात पाठवलाय. तोपर्यंत मी समितीपुढं लेखी मागणी ठेवलीय. सकाळी पावणेसात ते सव्वासात आणि दुपारी साडेबारा ते सव्वा, शाळेच्या वेळेला गेट उघडं. तेव्हा तिथं मी स्वतः उभी राहीन.

पहिला मजला

समितीत मी विरोध करणार. पुन्हा गाडी गेली तर भरपाई कोण देणार ते आधी लेखी ठरवा. शाळेच्या वेळेपुरतं म्हणाल तर ऐकून घेईन, त्याहून जास्त नाही.

किरकटवाडी

ताई, वहीत चाळ घेताय तर पाण्याचा विषयही घ्या. नाहीतर त्यांची सही तुमच्या डांबराला आणि त्यांचं पाणी पुन्हा उकळलेलं.

धायरीकर

घेते. पाण्याचे नमुने कुठून घ्यायचे ते तुम्ही येऊन सांगा.

मागची चाळ, येत्या रविवारी दहा वाजता पदपथासाठी पुन्हा मोजणी आहे. तुमच्याकडून दोघं तरी या. वहीत सही करायला जागा ठेवलीय.

मागची चाळ

सहीचं नंतर बघू. आधी सोमवारी सकाळी गेट उघडतंय का ते बघतो. उघडलं तर पुढच्या मोजणीला येतो. या रविवारी नाही.

निवृत्त ओव्हरसीअर

मोजणी सोमवारी संध्याकाळी ठेवा की मग. मलाही तेच सोयीचं. टेप तीस मीटरची आणा, पाच मीटरची चालत नाही.

धायरीकर

ठेवली. सोमवार, साडेपाच, मागच्या गेटपाशी.

चौकातला

माझं मत बदललेलं नाही. क्षेत्रसभा झाल्याच पाहिजेत, आणि भाडेकरूला मत नसलेल्या कुठल्याही वहीला मी प्रतिनिधी मानणार नाही.

तो कार्यादेश मागवायचा माहिती अधिकाराचा अर्ज नेमका कसा लिहिला होता, तो मजकूर इथं टाका. आमच्या चौकात परवा पुन्हा खोदलंय.