एसीएलचं ऑपरेशन : टेंडन मांडीमागची घ्यावी की वाटीखालची?

उजवा_कोपरा
वय 22, कबड्डी खेळतो, जागा नावातच आहे. तीन आठवड्यांपूर्वी घोटा धरायला झेप घेतली, पाय मॅटवर रुतला आणि अंग फिरलं. ‘टक्’ आवाज झाला, तो चढाईवाल्यालाही ऐकू आला म्हणे. रात्रीपर्यंत गुडघ्याचा नारळ. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नडगीला बांधून ठेवणारा पट्टा, पूर्ण तुटलेलं, दोन हाडांमधली गादी शाबूत.

दोन सर्जनना दाखवलं. एक म्हणतात, मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंच्या दोन टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) काढून, दुमडून चौपदरी करू आणि तुटलेल्याच्या जागी बसवू. दुसरे म्हणतात, वाटीखालच्या टेंडनचा मधला तुकडा घेऊ, दोन्ही टोकांना हाडाची खुंटी ठेवून. दोघंही ठाम. आई म्हणते तिसऱ्याला दाखव. मला एवढंच सांगा, कोपऱ्यावर पुन्हा खाली बसून झेप घेता येईल ती कशानं?

फिजिओताई
दोन्हींनी माणसं मैदानात परततात. प्रश्न तू काय गमावायला तयार आहेस याचा आहे. हॅमस्ट्रिंग घेतली तर गुडघा खोल वाकवून ओढण्याची ताकद थोडी कमी होते, आणि तुझं सगळं काम तिथंच. शिवाय दोरी 8 मिमीपेक्षा बारीक भरली तर तुझ्या वयात पुन्हा तुटण्याची भीती वाढते. वाटीखालच्या तुकड्यात हाडाला हाड चिकटतं, ते साधारण सहा आठवड्यांत. नुसती टेंडन हाडात पाडलेल्या बोगद्यात रुजायला आठ ते बारा लागतात.

हॅमस्ट्रिंगच ठरली, तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं आधाराची जोडपट्टी घालणार का ते विचार. 2020 मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत, 25 वर्षांपर्यंतच्या खेळाडूंमध्ये, त्या पट्टीनं दोन वर्षांत ग्राफ्ट, म्हणजे बसवलेली दोरी, तुटण्याचं प्रमाण 11 टक्क्यांवरून 4 वर आलं. वाटीच्या वरची क्वाड्रिसेप्सची, म्हणजे मांडीपुढच्या स्नायूची, टेंडनही घेतात, तेही विचारून बघ.

आणि गुडघा पूर्ण सरळ होतोय का? होत नसेल तर तारीख घेऊ नकोस. आखडलेल्या गुडघ्यावर घाईनं ऑपरेशन केलं की तो पुढं तसाच आखडून बसतो. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपत असशील तर आजच काढ, टाचेखाली घे.

सारवण
माझं वाटीखालचं, दोन वर्षं झाली. खो-खो खेळायचे. वळताना गुडघा एकदाही सटकला नाही, पोलीस भरतीचं धावणंही त्यावरच झालं. पण फरशी पुसायला गुडघे टेकवले की वाटीखाली सुई टोचते. व्रणाच्या बाहेरची चार बोटं जागा अजून बधिर आहे, तिथं डास चावला तरी कळत नाही. हे कुणी आधी सांगत नाही.

बुलेटवाला काका
आमचं बाईकवरून पडून तुटलं, वय 46. ऑपरेशन केलंच नाही. मांडीचा व्यायाम केला, सिंहगड चढतो. घाई कशाला?

फिजिओताई
काकांचं चुकीचं नाही. 2010 च्या स्वीडनच्या अभ्यासात आधी व्यायामावर ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना दोन वर्षांत ऑपरेशन लागलं नव्हतं. पण त्यात व्यावसायिक खेळाडू घेतलेच नव्हते. गड सरळ चढायचा असतो काका, कोपऱ्यावर गर्रकन वळावं लागतं.

उजवा_कोपरा
दोघांकडे परत जाऊन आलो. पहिल्यांना 8 मिमीचं विचारलं तर म्हणाले, ‘ते तेव्हाचं तेव्हा बघू.’ दुसऱ्यांना कबड्डीचा कोपरा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी ओपीडीतच, चांगल्या पायावर भार देऊन, बसून दाखवायला लावलं. मग स्वतः बसून बघितलं, टायसकट. क्वाड्रिसेप्सचं विचारलं तर सरळ म्हणाले, ‘मी वर्षातून दोन-तीनच करतो, तुझ्यावर हात कशाला साफ करू?’ तिथंच ठरलं, वाटीखालचं. टेकवताना टोचेल ते टोचेल, नी-पॅड घालीन. नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही, हेही त्यांनी कागदावर लिहून दिलंय, आमच्या कोचना दाखवायला.

तारीख मात्र अजून नाही. टाचेखाली उशी घेऊन पडलोय ताई, गुडघ्याखालून अजून दोन बोटं आत जातात.