येरवड्याचं पक्षी अभयारण्य आधी कायद्यात आणा, मग वाढवा

नदीकाठचा: पुण्यात मुळा-मुठेकाठी, कल्याणीनगरला लागून असलेल्या जागेला आपण डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणतो. पण १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली अधिसूचना नाही. म्हणजे तिथला पक्षी मारला तर गुन्हा, पण राडारोडा टाकून त्याची दलदल बुजवली तर हा कायदा गप्प. सरकारी जागेवर याच कायद्याखाली ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ जाहीर करा आणि पट्टा खराडीकडे वाढवा. महापालिकेच्या नदीकाठ सुधारणा प्रकल्पाच्या ४४ किलोमीटरांत एवढा तुकडा दगडी काठाविना राहिला तर कुणाचं बिघडतं?

सातबारा: आमचं बिघडतं! पूररेषेत म्हणून बांधता येत नाही, आरक्षण पडलं की विकता येत नाही. मोबदला म्हणून टीडीआरचा, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करायच्या हक्काचा, कागद. बाल्कनीतून चक्रवाक बघणाऱ्यांनी आमच्या जमिनीवर उदार होऊ नये.

शेकाट्या_पुणे: अभयारण्य कसलं, गटार आहे ते. मैलापाणी आणि जलपर्णी. शेकाटे (लांब पायांचे पाणपक्षी) वाढले ते घाणीतल्या किड्यांमुळे, त्यांचे फोटो टाकून ‘समृद्ध जैवविविधता’ लिहिणं बंद करा. आधी मैलाशुद्धीकरण पूर्ण होऊ दे.

नदीकाठचा: @शेकाट्या, शेकाट्यांचं मान्य. पण शुद्धीकरण होईपर्यंत काठ भरून टाकला तर स्वच्छ पाण्यात येणाऱ्या बदकांनी उतरायचं कुठे? उथळ कडा, वाळुंजाची झुडपं, चिखल हे गेलं की परत आणता येत नाही. प्रकल्प मात्र कधीही उशिरा करता येतो, त्याची आपल्याला सवय आहे.
@सातबारा, संवर्धन राखीव सरकारी जमिनीवरच होतं. खासगी जमिनीसाठी ‘समुदाय राखीव’ आहे, तेही मालक स्वतःहून पुढे आला तरच.

आयटी_भाऊ: सगळं ठीक, पण जॉगिंग ट्रॅक राहील ना?

शेकाट्या_पुणे: झालं! आता दिवे लागणार, मग स्पीकर.

हडपसरची_ताई: जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं ते विसरलात का? काठची मोकळी जमीन पुराचं पाणी पसरायलाही लागते. पक्ष्यांसाठी नको असेल तर माणसांसाठी तरी ठेवा.

सातबारा: ठेवा की. पण शहराचा पूर माझ्या शेतात पसरायचा असेल तर शहराने भाडं द्यावं, दर वर्षी, रोख. ‘स्वतःहून’ वगैरे त्यानंतर बोलू.